मधली दोन घरं

फ्लीटवुडमध्ये बुधवारचं वर्तमानपत्र
मागच्या पानापासून उघडतात.
मासळीचे भाव, गेलेल्यांची नावं, मग शब्दकोडं:
तेरा ओळी, बारा रकाने
(तेराव्यात छत्र्यांच्या दुकानाची जाहिरात),
खाली सही ‘कुरव’.

कुरव म्हणजे ऑस्विन थ्रेलफॉल,
ट्रामच्या वेळापत्रकांचा निवृत्त कारकून.
त्याची भाषा वेगळी. तिथे आकडे
दुसऱ्याच शब्दांच्या पोटात झोपतात,
उचलून इकडे आणले की मोडतात.
म्हणून चौकट त्याची, अक्षरं आपली.
एवढं चालवून घ्या.

तर या खेपेची कल्पना:
प्रत्येक लांब उत्तरात एक आकडा लपवायचा.
सुरुवात चारपासून, चार सोपा.
‘पक्ष्यामागे चार, डोक्यात घिरट्या (३)’.
वि म्हणजे पक्षी. विचार.
‘पाच गोळा केले, ग गळाला; उरलं ते वारा नेतो (३)’.
पाचोळा. यावर तो स्वतःशीच हसला,
बटाटे करपेपर्यंत.
‘सात, मग त्यजायला सुरुवात; भरती-ओहोटीचा गुण (३)’.
सातत्य.
आठ येईपर्यंत मध्यरात्र झाली.
‘आठ जखमा भरल्या, खुणा राहिल्या (४)’.
आठ वण. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

पूर्वी हेस्टर तपासायची सगळं,
लाल पेन्सिलीने, स्वयंपाकघरात उभ्यानेच.
‘हे फसवणं झालं’, नाहीतर ‘हे चालेल’.
चालेल हे तिचं सर्वांत मोठं कौतुक.

एक आपणहून आला.
‘एकापुढे शेवट; गर्दीच्या बाहेर (३)’.
तीन तर त्याने शोधलासुद्धा नाही.
पाच घरं मोकळी होती, हाताने लिहिलं
‘ती नसताना’,
आणि मग दिसलं, पहिल्या दोन अक्षरांत
तीन बसलाय.

राहिला दोन.
दोनसाठी आठवडा गेला.
आंदोलन घेऊन पाहिलं: दो आहे, न आहे,
मधे ल पाय पसरून बसलेला.
हेस्टर म्हणाली असती, उठव की त्याला.
ल काही हलला नाही.

नियम असा, की चौकट उलटी धरली
तरी तशीच दिसायला हवी.
इथे काळं घर, तर समोर काळं घर.
सगळं जुळवून झालं तेव्हा मधोमध
दोन पांढरी घरं उरली.
आकडा नाही, सूत्र नाही.
त्याने तशीच पाठवली.

संपादक गिडियन पाय यांचा फोन:
‘छपाईत काहीतरी राहिलंय.’
‘नाही राहिलं.’
‘लोक विचारतील.’
‘विचारू देत.’

लोकांनी विचारलं नाही. भरलं.
कुणी ‘चहा’. न्हाव्याने ‘मीठ’.
शाळेतल्या एका पोराने दोन्ही घरांत डोळे काढले.
कुणी उत्तरादाखल गावातली दीपगृहं मोजली,
एक गल्लीत उंच, एक किनाऱ्यावर बुटकं;
समुद्रावरून ती एकावर एक दिसली
की बोट वाटेवर आहे, असं सविस्तर कळवलं,
जणू थ्रेलफॉल परगावचा.

शेवटचं पाकीट ईनिड स्वॉर्ब्रिकबाईंचं.
त्या ट्रॉलरांच्या रेडिओवर बसायच्या,
हिवाळ्यातल्या रात्रींत, नावं पुकारत, थांबत,
पुन्हा पुकारत.
बाकी कोडं शाईने, एकही खाडाखोड नाही.
फक्त मधल्या दोन घरांत
पेन्सिलीने काही लिहून पुसलेलं.

त्याने कागद दिव्याशी धरला,
तिरका केला, चष्मा काढला, घातला.
अक्षर लागलं नाही.
बोट फिरवलं तर दाब लागत होता,
दोन्ही घरांत, सारखा.

‘हे चालेल’, तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला बहुतेक,
कारण मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेलं.

पुढच्या बुधवारचं कोडं माशांवर होतं.
हॅडक आडवा, हेरिंग उभा,
दोघांत एकच अक्षर सामाईक.